वरकुट्याचा राक्षस

म्हस्कू मारकडला राक्षसाचं काम मिळालं ते आवाजामुळं. तोंड बघून कुणी दिलं नसतं. अंगानं काटकुळा, गाल आत गेलेले, डोळ्यांखाली कायमची सूज. बारामती एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर तो वॉचमन होता. निळ्या शर्टात उभा राहिला, की आत माणूस नसून नुसता शर्टच काठीवर अडकवलाय असं वाटायचं. पण गळा बापाचा होता. बाप मेंढक्या. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचा आणि पावसाच्या तोंडाशी परत यायचा. म्हस्कूचा जन्मही तसाच वाटेत, कुठल्याशा माळावर पालात झालेला. डोंगराच्या या अंगाला उभं राहून त्या अंगाची मेंढरं वळवायची तर गळा लागतोच. पुढं बाप गेला, चराईची रानं गेली, मेंढरं विकली आणि वरकुटे या आपल्या गावातल्या जमिनीच्या दोन तुकड्यांत मारकडांनीही इतरांसारखा ऊस लावला. गळा तेवढा मागं राहिला. बिरोबाच्या जत्रेत ओव्या म्हणण्यापुरता तो लागायचा. साखरबाई आजारी पडल्यापासून तेही बंद झालं होतं.

साखरबाई म्हणजे त्याची बायको. कोरोना सरल्यानंतरच्या सालात एका सकाळी ती म्हशीखाली धार काढायला बसली आणि बसल्या जागी कलंडली. उजवं अंग गेलं. महिनाभर दवाखाना झाला, मग मालिश झाली, मग झाडपाल्याचं झालं. पाय थोडा परत आला, काठीच्या आधारानं अंगणापर्यंत जाण्याइतका. बोलणं जाडंभरडं झालं, पण कळायला लागलं. हात मात्र आला नाही. तो तिच्या कुशीला लोंबत राहिला. झोपताना ती तो डाव्या हातानं उचलून, लेकरू निजवावं तसा छातीवर ठेवायची.

तेव्हापासून म्हस्कूचा दिवस अंधारातच सुरू व्हायचा. चूल, पाणी, तिची अंघोळ, लुगडं नेसवणं, वेणी. वेणी घालायला तो पन्नाशी उलटल्यावर शिकला. पहिल्यांदा घातली तेव्हा साखरबाई म्हणाली होती, "दावं वळलंय का केस विंचरलंत?" आता बरी जमायची. शेजारच्या खणात भावजय बनाबाई राहायची. तो कामावर गेला की दिवसभर तिचं लक्ष असायचं. मग मोटारसायकलला किक मारून निमगाव, लासुर्णे, जंक्शन ही गावं करत बारामती गाठायची, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं धूळ खात. शिफ्ट संपली की तीच वाट उलटी. घरी आलं की परत चूल. असं तीन वर्षं चाललं होतं. कुणी विचारलं, "काय म्हस्कूआबा, कसं चाललंय?" तर तो म्हणायचा, "चाललंय." खोटं नव्हतं ते. थांबलेलं काहीच नव्हतं.

त्या हिवाळ्यात एका दुपारी गेटसमोरून एक कळप चालला होता. फलटणकडचे कुणी म्हातारे मेंढपाळ नवरा-बायको होते. तेवढ्यात मागून आलेल्या कंटेनरनं भोंगा दाबला आणि मेंढरं उधळली. अर्धी रस्त्यावर, अर्धी कारखान्याच्या गेटातून आत. म्हातारा काठी घेऊन नुसताच गरगर फिरायला लागला. म्हस्कू उठला, गेटाच्या मधोमध उभा राहिला आणि त्यानं हाळी दिली. कितीतरी सालांत दिली नव्हती. आतली मेंढरं जागच्या जागी थबकली, माना वळल्या आणि एकामागं एक बाहेर निघाली.

गेटाशी एक गाडी थांबली होती. तिच्यातून एक तिशीची पोरगी उतरली. श्रेया तिचं नाव. बारामतीचीच. पुण्याला नाटकाचं शिक्षण घेऊन परत आलेली, गावातल्या मुलांची नाट्यशिबिरं घ्यायची. कारखान्याच्या साहेबांकडं नाटकासाठी मदत मागायला आली होती.

"काका, तुम्ही गाता का?" तिनं विचारलं.

"न्हाय. वळवतो. मेंढरं."

"मला एक राक्षस हवाय."

म्हस्कूला नीट ऐकू आलं नसावं असं वाटलं. "कुठल्या डिपारमेंटला हाय त्यो?" त्यानं विचारलं.

मग तिनं तिथंच उभ्याउभ्या सगळं सांगितलं. गोष्ट कुणाला ठाऊक नसलेली नव्हतीच. राक्षस राजकन्येला पळवून नेतो. त्याला कुणी मारू शकत नाही, कारण त्याचा जीव त्याच्या अंगात नाहीच. तो सात समुद्रांपलीकडं, एका बेटावर, पिंजऱ्यातल्या पोपटात. राजपुत्र तिथवर जातो, पोपट धरतो. पंख उपटला की राक्षसाचा हात गळतो, पाय मोडला की पाय, आणि मान पिरगाळली की संपला. आज्या सांगतात ती गोष्ट. तीच श्रेयाला मोठ्या मंचावर करायची होती, सगळी गाण्यात. वाजवणारे समोर बसून वाजवणार, गाणारे तोंडानं गाणार. मागं भलामोठा एलईडी पडदा, त्यावर खवळलेला समुद्र. तारांवर उडणारा घोडा. धूर, विजा. आणि दोन माणसांच्या उंचीचा राक्षस, ज्याचे हात लोकांच्या डोळ्यांदेखत गळून पडतील.

"राक्षसाचं अंग आम्ही बनवू," ती म्हणाली. "आवाज बनवता येत नाही."

संध्याकाळी घरी गेल्यावर म्हस्कूनं हे गंमत म्हणून सांगितलं. साखरबाई भिंतीला टेकून डाव्या हातानं वाटीतली आमटी भुरकत होती. ती हसली नाही.

"जावा की," ती म्हणाली.

"आन् तुजं?"

"मी हितंच हाय. कुठं पळून जातीया."

"वय हाय का माजं?"

"राक्षसाला वय नसतं." तिनं वाटी खाली ठेवली. "तुमच्या त्वांडाकडं बगून बगून मीच शिणलीया. जावा जरा भाईर."

मग तो जायला लागला. पहिली पाळी असेल तेव्हा दुपारनंतर, सुट्टी असेल तेव्हा दिवसभर. बारामतीत एका बंद पडलेल्या गोदामात तालमी चालायच्या. राजपुत्र झालेला अविराज एका पतसंस्थेत कारकून होता. राजकन्या झालेली निकिता शाळेत संगीत शिकवायची. वाजवणारे, नाचणारी पोरं, पुण्याहून येणारा तारा-धुराचा माणूस विशाल. सगळे त्याला आबा म्हणायचे, चहाचा पहिला कप त्याला द्यायचे. चाली त्याला चटकन यायच्या. शब्द मात्र निसटायचे, कारण पाठ करायला बसला की डोळा लागायचा.

राक्षस तयार होऊन आला तो टेंपोतून. अॅल्युमिनियमचा सांगाडा, त्यावर फोम आणि रंगवलेलं कापड. तो दप्तरासारखा खांद्यावर चढवायचा. मुंडकं म्हस्कूच्या डोक्याच्याही वर, त्यात लाल दिवे. म्हस्कूचे स्वतःचे डोळे राक्षसाच्या गळ्याशी यायचे. तिथं काळी जाळी होती, तिच्यातून बाहेरचं दिसायचं. गालाला माइक चिकटवलेला, मानेपाशी एक छोटा पंखा. पहिल्यांदा आत शिरला तेव्हा त्याचा जीव घुसमटला. रबराचा आणि डिंकाचा वास, अंधार, खांद्यावर ओझं. त्यानं "काढा" म्हणायला तोंड उघडलं आणि मग थांबला. आत शांत होतं. बाहेर श्रेया कुणाला तरी ओरडत होती, ढोलकीवाला ढोलकी लावत होता, पण ते सगळं लांबचं वाटत होतं. इथं कुणी पाणी मागणार नव्हतं. कुणी हॉर्न वाजवणार नव्हतं. कुणाला उठवायचं, बसवायचं, पुसायचं नव्हतं. या अंगात तो एकटाच मावत होता.

त्याला बरं वाटलं. आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

राक्षसाचं मोठं गाणं श्रेयानंच लिहिलं होतं. चाल ओवीच्या अंगानं जाणारी.

"डोंगराएवढा देह माझा, भुई हाले पायाखाली,
मुठीएवढा जीव माझा, कुणी ठेवला परमुलुखी."

म्हस्कू ते उचलायचा तेव्हा गोदामाचे पत्रे थरथरायचे. नाचणारी पोरं आपापल्या जागी उभी राहून ऐकायची. मग यायचा हाताचा प्रसंग. विशालनं समजावून सांगितलं होतं. राक्षसाचे हात खोटे, खांद्याशी खिळीनं अडकवलेले. अविराजनं पोपटाचा पंख उपटला की म्हस्कूनं आतली दोरी ओढायची. खिळी सुटेल, खांद्यातून धूर येईल, हात खाली.

पहिल्या खेपेला दोरी ओढली तेव्हा उजवा हात धप्पकन फरशीवर पडला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हस्कू जाळीतून त्या हाताकडं बघत राहिला. बोटं वर करून पडला होता.

"आबा, फार छान. फक्त हात पडल्यावर थोडं कळवळा," श्रेया म्हणाली.

तो कळवळला. घरी त्यानं उडणाऱ्या घोड्याचं सांगितलं, समुद्राचं सांगितलं, निकिताच्या गळ्याचं सांगितलं. हाताचं सांगितलं नाही. साखरबाईनंही विचारलं नाही. खरं तर ही गोष्ट लेकीला लहानपणी तीच सांगायची. तिला काय ठाऊक नव्हतं?

बारामतीचा पहिला प्रयोग एका रविवारी संध्याकाळी झाला. नाट्यगृह भरलं होतं. म्हस्कूची आदल्या रात्रीची पाळी होती. सकाळी घरी जाऊन साखरबाईचं आवरून तो तसाच परत आला होता. दुसऱ्या अंकात राक्षस झोपतो असा प्रसंग होता. राजकन्या त्याच्या उशाशी बसून गाते आणि त्याच्याकडून पोपटाचं गुपित काढायचं कसं, याचा विचार करते. म्हस्कू सांगाड्यासकट आडवा झाला. थंडगार धूर मंचावर पसरला आणि जाळीतून आत आला. पंखा घुरघुरत होता. निकिताचा आवाज गोड होता. बऱ्याच दिवसांत त्याला कुणी असं गाऊन निजवलं नव्हतं.

गाणं संपलं. ढोलावर थाप पडली, तिच्यावर राक्षसानं उठायचं होतं. राक्षस उठला नाही. ढोलवाल्यानं परत थाप मारली. माइकमधून सगळ्या नाट्यगृहात घोरण्याचा आवाज यायला लागला. लोक हसले. त्यांना वाटलं, नाटकातलंच आहे. निकितानं फोमच्या दंडाला हळूच हलवलं, मग जोरात हलवलं, मग वाकून जाळीवर टकटक केली.

म्हस्कू दचकून जागा झाला. डोळ्यांपुढं अंधार, कुणीतरी टकटक करतंय. आपण गेटवरच्या खोलीत आहोत असं त्याला वाटलं.

"कोण हाय? पास दावा," तो म्हणाला.

ते शब्द राक्षसाच्या घोगऱ्या आवाजात सगळीकडं घुमले आणि नाट्यगृह फुटलं. लोक खुर्च्यांच्या दांड्यांवर हात आपटत हसत होते. म्हस्कूला कळलं काय झालं ते, आणि कानापासून मानेपर्यंत घाम फुटला. पुढचं सगळं त्यानं कसंबसं ओढलं. हात पडले, पाय पडला, मुंडकं कललं, पडदा पडला. सांगाड्यातून बाहेर काढल्यावर तो एका खोक्यावर बसून राहिला. श्रेया आली तेव्हा उठून उभा राहिला.

"चुकलं, ताई. डोळा लागला."

"आबा, ते वाक्य ठेवायचं," श्रेया म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. "सगळ्या प्रयोगांत. लोकांना तेच सगळ्यात जास्त आवडलंय."

 आपली झोप आता नाटकातलं एक काम झाली, एवढं त्याच्या ध्यानात आलं. पुढच्या तालमीपासून तो खोटं घोरायला आणि खोटा दचकायला शिकला. ते खऱ्यापेक्षा जड गेलं.

कारखान्यातही बातमी पोचली. सकाळी मोटारसायकलींवरून येणारी पोरं गेटशी कार्ड दाखवण्याऐवजी त्यालाच म्हणायची, "आबा, पास दावा." तो हसायचा. सुपरवायझरही हसला, पण हसता हसता म्हणाला, "मारकड, इथं तर झोपत नाही ना?" म्हस्कूनं मान हलवली. त्या दिवसापासून तो पाळीवर खुर्चीत बसायचा बंद झाला. उभाच राहायचा.

दुसरा प्रयोग ठरला इंदापूरला, एका शाळेच्या पटांगणावर, उघड्यावर. म्हस्कूची एकुलती लेक प्रतिक्षा इंदापुरातच दिलेली. जावयाचं हायवेच्या कडेला टायर-पंक्चरचं दुकान. प्रयोगाच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"आण्णा, आईला आणते मी. ह्यांच्या टेंपोत बसवून."

"कशाला? गर्दी आसंल. तिला बसवायचं न्हाय लई येळ."

"पुढची खुर्ची ठेवलीया. आईच म्हणाली येती म्हणून."

म्हस्कूनं साखरबाईकडं बघितलं. ती अंगणात उन्हाला बसली होती, उजवा हात मांडीवर ठेवलेला. तिच्या कानावर सगळं जात होतं, पण ती कोंबड्यांकडं बघत होती.

प्रयोगाच्या दिवशी तो दुपारीच पटांगणावर गेला. मंच बांधून झाला होता. विशाल तारा तपासत होता. श्रेया फोनवर जनरेटरवाल्याशी भांडत होती. म्हस्कू तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. ती बोलायची थांबली तेव्हा म्हणाला, "ताई, त्यो हाताचा परसंग—"

"खिळी घट्ट बसतीय का परत? थांबा, विशालला सांगते."

"न्हाय, खिळी चांगली हाय. आज त्यो परसंग—"

पुन्हा फोन वाजला. श्रेयानं एक बोट वर करून त्याला थांबायला सांगितलं आणि बोलत बोलत मंचामागं गेली. तिच्या डोळ्यांखालीही आता म्हस्कूसारखीच सूज आली होती. तो थोडा वेळ तिथंच थांबला. हे असं सांगायचं तरी कसं? हात पाडू नका, माझी बायको बघायला येणार आहे? तेरा माणसांनी रात्रंदिवस राबून उभा केलेला शेवट एका खुर्चीसाठी मोडा? तो परत फिरला आणि सांगाड्याशेजारी जाऊन बसला.

अंधार पडायच्या सुमाराला पटांगण भरलं. जाळीतून म्हस्कूला पहिली रांग दिसत होती. साखरबाई प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती, हिरवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर. वेणी दुसऱ्या कुणीतरी घातली होती, नीट. शेजारी प्रतिक्षा. घोडा उडाला तेव्हा पोरं किंचाळली. समुद्र खवळला तेव्हा मागचे लोक उभे राहिले. राक्षस घोरला, दचकला, "पास दावा" म्हणाला. पटांगण हसलं. साखरबाईही हसली, तोंडाच्या एका बाजूनं.

मग शेवट आला. बेटावर अविराजनं पिंजऱ्यातून पोपट काढला. इकडं राक्षस राजकन्येवर धावून आला आणि मोठं गाणं सुरू झालं. म्हस्कूनं ते गायलं. गाण्यात काही कमी केलं नाही. सूर पटांगणावरून पार हायवेपर्यंत गेला असेल. त्यावर झांज वाजली आणि अविराजनं पोपटाचा पंख उपटून हवेत उंच धरला.

म्हस्कूच्या हातात दोरी होती. त्यानं ओढली नाही.

झांज परत वाजली. अविराजनं पंख पुन्हा उंच केला, जरा रागानं. वाजवणाऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि तीच ओळ परत घेतली. राक्षस दोन्ही हातांनिशी मंचाच्या मध्यावर उभा. विंगेतून श्रेयाचा दबका आवाज आला, "आबा, दोरी." विशाल पुढं सरकला, पण मंचावर येता येईना. लोक गप्प झाले. काहीतरी घडणार म्हणून गप्प झाले.

म्हस्कू जाळीतून साखरबाईकडं बघत होता. ती त्याच्याकडंच बघत होती. राक्षसाच्या मुंडक्याकडं नाही, लाल डोळ्यांकडं नाही, बरोबर गळ्याशी, जिथं तो होता तिथं. तिला तो आत कुठं असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. मग तिनं आपला डावा हात उचलला, खांद्याइतका वर नेला आणि सावकाश खाली सोडला. उसाच्या मोळीचं ओझं घेऊन उभ्या असलेल्या माणसाला "टाक आता खाली" म्हणून खूण करावी, तशी.

त्यानं दोरी ओढली. धूर निघाला. उजवा हात खांद्यापासून सुटला, एक क्षण कापडाला अडकून लोंबला आणि पडला. पटांगणात टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढची पोरं खुर्च्यांवर चढली. म्हस्कू कळवळला. या खेपेला त्याला तसं करून दाखवावं लागलं नाही.

प्रयोगानंतर जेवायला घरचे सगळे प्रतिक्षाकडं आले. दुकानामागच्या दोन खोल्यांत साखरबाईला खाटेवर बसवलं होतं. म्हस्कू खाली भिंतीला टेकून बसला, सांगाड्याच्या पट्ट्यांनी खांदे सोलवटलेले. प्रतिक्षा आत भाकरी थापत होती.  मग साखरबाई म्हणाली, "तुमचा हात पडला तवा लोकं टाळ्या वाजवत हुती."

"व्हय."

"माजा पडला तवा कुणीच न्हाय वाजवल्या."

म्हस्कूनं वर बघितलं. ती रडत नव्हती. तोंडाची ती एकच बाजू हसत होती. त्यालाही हसू आलं.

"मी सांगणार हुतो तुला," तो म्हणाला.

"काय सांगायचं त्यात? राक्षसाचा हात पडतोच."

"त्ये न्हाय." तो थांबला. हे बोलणं फोमच्या आत बरं होतं, उघड्यावर अवघड. "मला त्या सांगाड्यात बरं वाटतं, साखरे. आत कुणी नसतं. तूबी नसतीस."

"दिसत हुतं," ती म्हणाली. "गाताना दिसत हुतं. पंधरा वर्सं न्हाय आसं गायलात."

बाहेर हायवेवरून ट्रक जात होते. प्रत्येक ट्रकनिशी भांड्यांची फळी बारीक वाजायची. साखरबाई दाराकडं बघत होती.

"मलाबी वाटतं की," ती थोड्या वेळानं म्हणाली. "कुठंतरी जावं. जिथं तुमी नसाल. सारखी तुमची पावलं ऐकत बसायची. आलं का, पाणी तापलं का, आज पाय ओढत्यात का. मलाबी शीण येतो तुमचा."

म्हस्कूला हे कधी सुचलंच नव्हतं. शीण आपल्यालाच येतो, असं तो धरून चालला होता. बसणाऱ्याला कसला शीण? तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. प्रतिक्षा भाकरीची टोपली घेऊन आली तेव्हा दोघंही गप्प होते, पण भांडून गप्प झालेल्या माणसांसारखे नव्हते.

त्या रात्री साखरबाई लेकीकडंच राहिली. दोन दिवसांनी न्यायला या, म्हणाली.

म्हस्कूनं त्यानंतर आणखी काही प्रयोग केले. दौंडला, भिगवणला, परत एकदा बारामतीत. खांदा दुखायला लागला, तेव्हा डॉक्टरनं ओझं उचलू नका म्हणून सांगितलं. श्रेयाला त्यानं स्वतःच जाऊन सांगितलं. तिनं वाद घातला नाही. नुसती त्याच्याजवळ खोक्यावर बसली आणि म्हणाली, "आबा, मलाही आता कुठंतरी महिनाभर झोपावंसं वाटतंय." तालमीतला भीमा नावाचा एक पैलवान गडी राक्षस झाला. अंग त्याला चांगलं बसलं. आवाज बेताचा होता. मग गाणं म्हस्कूच्या आवाजात रेकॉर्ड करून घेतलं आणि भीमा त्यावर तोंड हलवायला लागला. म्हस्कू ते बघायला एकदा गेला होता. मागच्या रांगेत बसला. आपलाच आवाज दुसऱ्याच्या अंगातून येताना ऐकून त्याला फार काही वाटलं नाही. मध्यंतरात तो निघून आला, कारण सकाळची पाळी होती.

साखरबाईचं मात्र वेगळंच सुरू झालं. ती आठवड्यातले काही दिवस इंदापूरला राहायला लागली. प्रतिक्षानं दुकानाच्या कडेला तिची खुर्ची टाकली होती. तिथं बसून ती येणारे-जाणारे ट्रक, एसट्या, हवा भरायला थांबलेली माणसं बघायची. ड्रायव्हर लोक तिला मावशी म्हणायला लागले. कुणी तिच्या हाताची चौकशी केली तर ती म्हणायची, "पोपट मेला," आणि पुढं काही सांगायची नाही. ते बिचारे विचारात पडायचे.

ती नसायची त्या दिवसांत म्हस्कूला वरकुट्याचं घर मोठं वाटायचं. पहिल्या दिवशी तो दुपारी आडवा झाला तो दिवेलागणीलाच उठला. बनाबाई दारात उभी होती. "बरं हाय न्हवं?" तिनं विचारलं. "झोपलो हुतो," तो म्हणाला. तिला ते खरं वाटलं नाही, म्हणून ती चहा करून घेऊन आली.

मार्च लागला तेव्हा एका शनिवारी तो साखरबाईला आणायला इंदापूरला गेला. ऊन चढलं होतं. साखर कारखान्यांचे हंगाम संपत आले होते आणि रस्त्यावर ट्रॉल्या कमी झाल्या होत्या. दुकानापुढं एका ट्रकचं चाक काढून ठेवलं होतं. साखरबाई खुर्चीत बसली होती आणि शेजारच्या स्टुलावर बसलेला ड्रायव्हर तिला आपल्या पोराच्या लग्नाचं काहीतरी सांगत होता. म्हस्कूनं गाडी स्टँडला लावली. तिनं त्याच्याकडं बघितलं, मान हलवली आणि परत ड्रायव्हरकडं वळली.

ड्रायव्हरचं बोलून झाल्यावर म्हस्कू म्हणाला, "निघायचं का?"

साखरबाईनं थोडा विचार केला.

"उद्या या," ती म्हणाली.

"उद्या माजी पाळी हाय."

"मग परवा."

म्हस्कू उभा राहिला. उन्हातून आल्यामुळं डोळ्यांपुढं अजून पांढरं दिसत होतं. मग त्यानं आतून दुसरं स्टूल ओढून आणलं, तिच्या पलीकडं टाकलं आणि बसला. प्रतिक्षानं दोघांना चहा दिला. साखरबाईनं डाव्या हातानं कप तोंडाला लावला. दोघं समोरून जाणारी सोलापूरची एसटी बघत राहिले. चहा संपल्यावर तो उठला, "परवा येतो," म्हणाला आणि गाडीला किक मारली.